जोडीतला उजवा

शिवदास धुरीने शेवटी एक स्पीकर घेतला. जोडीतला एकच. ज्यांना हे कळलं असेल त्यांनी ते विसरून जावं, कारण त्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता असं काहीही घडलेलं नव्हतं. शिवदास माहुल गावातल्या एका बैठ्या घराच्या दारात एका पायावर उभा होता, हातातली जड पिशवी खाली न ठेवता बुटाची नाडी सोडत होता, आणि त्याला दोन्ही स्पीकर हवे होते.

"बूट ऱ्हाऊ दे, बाला," आतून अंजनाबाई म्हणाल्या. "मंगलवारी ही लादी फुटनारच हाय."

पंचाहत्तरीच्या अंजनाबाई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. सगळा जन्म मासळी विकण्यात गेल्यामुळे समोर आलेल्याकडे त्या आधी गिऱ्हाईक म्हणून बघत आणि जमलं तर नंतर माणूस म्हणून. त्यांची नात रोशनी चेंबूरच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. ती भिंतीला टेकून शिवदासच्या पिशवीकडे बघत होती. पिशवीतून टॉवेल डोकावत होता.

"काका, आंघोळ करायचीय का?"

टॉवेलाखाली ॲम्प्लिफायर होता. स्पीकर वाजवून बघायचे तर तो लागणारच, आणि तो बायकोला दिसायला नको म्हणून घाटकोपरहून निघताना शिवदासने वर टॉवेल टाकला होता. रविवारी सकाळी टॉवेल घेऊन घराबाहेर पडणाऱ्या नवऱ्याला जान्हवीने काही विचारलं नाही, याचं त्याला तेव्हा आश्चर्य वाटलं नव्हतं. "बघून ये," एवढंच ती म्हणाली होती.

हे दोन शब्द त्यांच्या घरात जुने होते. जुने स्पीकर बघायला जाणं हा शिवदासचा वीस वर्षांचा नाद. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत त्याने एकतीस जोड्या पाहिल्या होत्या. लोकांच्या बैठकीत बसून चहा प्यायचा, स्पीकरच्या लाकडावरून हात फिरवायचा, "कळवतो" म्हणायचं आणि घरी यायचं. घर तीनशे साठ फुटांचं. त्यात दोन मोठे स्पीकर आणले तर दोघांपैकी एकाला बाहेर झोपावं लागलं असतं, आणि कोण ते सांगायची गरज नव्हती. त्यामुळे इतर बायका नवऱ्याला आजारी नातेवाइकाकडे पाठवतात तसं जान्हवी त्याला स्पीकर बघायला पाठवायची. आपण जाऊन यायचं. घरी घेऊन यायचं नसतं.

या वेळी मात्र शिवदास घ्यायला आला होता, आणि त्याचं कारण त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

कारण डावा कान. आठ महिन्यांपूर्वी एका सोमवारी शिवदासने ऑफिसात फोन नेहमीसारखा डाव्या कानाला लावला आणि पलीकडचा माणूस पाण्याखालून बोलू लागला. शिवदास लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत तक्रारी लिहून घ्यायचं काम करतो, बावीस वर्षं. त्याला आधी वाटलं की लिफ्टच्या खड्ड्यात पाणी भरलंय आणि कोणीतरी आतूनच बोलतंय. त्याने तसं लिहूनही घेतलं. मग डॉक्टर, मग काचेच्या खोलीत बसून टूंटूं ऐकायची तपासणी, मग एक कागद. डावा गेला होता. का गेला हे डॉक्टरलाही धड सांगता आलं नाही. उजव्याचं काय, असं विचारल्यावर डॉक्टरने "त्याच्यावर लक्ष ठेवू" असं सांगितलं, जणू तो वाईट संगतीला लागलेला मुलगा होता.

शिवदासने कागदाची घडी केली आणि ती ॲम्प्लिफायरच्या झाकणाखाली ठेवली. जान्हवीला सांगितलं असतं तर ती घाबरली असती. भजन मंडळात सांगितलं असतं तर वीस वर्षं हातात असलेली झांज काढून घेतली असती. तो फोन उजव्या कानाला लावू लागला, आणि बोलणारा माणूस डावीकडे असला की काहीतरी शोधल्यासारखं करून वळू लागला. दिवसभर असं वळून वळून संध्याकाळी मान दुखायची. लोकांना वाटायचं धुरी थकलाय. तो थकलेलाही होता.

त्यामुळे आता नाही घेतले तर पुढे घेण्यात अर्थ नव्हता. आणि घेतले, तर वीस वर्षं नुसता बघून येणारा माणूस आजच का घेऊन आला, हे जान्हवीला सांगावं लागणार होतं.

जाहिरात रोशनीने टाकली होती, जुन्या सामानाच्या ॲपवर, फर्निचरच्या यादीत. "दोन स्टुलं, लाकडी, मजबूत. वर देव ठेवता येतो." सोबत फोटो. फोटोत डावीकडच्या स्टुलावर खरोखर देव होता, उजवीकडच्यावर तांदळाचा डबा. शिवदासने फोटो मोठा करत नेला तेव्हा दोन्ही स्टुलांच्या पोटावरची विणलेली जाळी दिसली, आणि जाळीच्या कोपऱ्यात नखाएवढी पितळी पट्टी. साठ वर्षांपूर्वीचे विलायती स्पीकर. ही जोडी त्याने फक्त चित्रात पाहिली होती. देशात अशा चार-पाच असतील, आणि त्यांतली एक माहुलला तांदूळ सांभाळत होती.

त्याच्याआधी सोळा जणांनी फोन केला होता, त्यामुळे ही स्टुलं नाहीत हे रोशनीला एव्हाना कळलं होतं. सोळाही जणांना वर देव असल्याची कल्पना देण्यात आली. सोळाही जण म्हणाले, देव काय, दोन मिनिटांत बाजूला ठेवू. अंजनाबाईंनी प्रत्येक वेळी नातीच्या हातातून फोन घेऊन बंद केला. सतरावा शिवदास. त्याच्या कुडाळकडच्या गावात विहिरीचा रहाट बदलायचा तरी देवाला विचारतात, म्हणून त्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "देवाला विचारलंत का?"

पलीकडे फोन नातीच्या हातातून घेतला गेला, पण या वेळी बंद झाला नाही.

"विचारनारा गेला ना," अंजनाबाई म्हणाल्या. "तू ये. तूच विचार."

आता तो आला होता. भरतीचं पाणी घरात येतं म्हणून सगळी जमीन फूटभर उचलायची होती आणि मंगळवारच्या आत खोली रिकामी व्हायला हवी होती. भांडी गोण्यांत गेली होती, कपाट शेजारी गेलं होतं. राहिला होता पलंग, आणि समोरच्या भिंतीशी ते दोघे, कमरेएवढे उंच, एका वीतभर उंच देवामुळे अडकून पडलेले.

शिवदास त्यांच्यासमोर उकिडवा बसला. डाव्याच्या लाकडात वरून वर्षानुवर्षांचं तेल, हळद आणि उदबत्तीची राख मुरून एक वेगळाच रंग आला होता, जो कुठल्याच कंपनीच्या यादीत नसणार. उजवा स्वच्छ होता. जाळीतून बोट घालून त्याने आतला कागदी पडदा हळूच दाबला. पडदा आत गेला आणि परत आला. साठ वर्षं खाऱ्या हवेत काढून तो परत आला, हे बघून शिवदासला उगाचच भरून आलं.

अंजनाबाईंनी मग हकिगत सांगितली, आणि ती सांगताना एकदाही आवाज चढवला नाही. त्यांचा नवरा भिकाजी होडीवर जायचा. तेलाच्या कारखान्यात कोणी परदेशी साहेब होता, त्याला आठवड्याला दोन पापलेटं पोचवायचा. साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्याने सामान वाटून टाकलं. कोणाला पंखा मिळाला, कोणाला कुत्रा. भिकाजीला हे दोन डबे, एक गाणं वाजवायचं यंत्र आणि इंग्रजी तबकड्यांचं खोकं मिळालं. तो रोज मासेमारीवरून येऊन आंघोळ करून त्या डब्यांसमोर बसायचा. एक शब्द कळत नव्हता. चाळीस वर्षं बसला.

"मग होडीला डिझेलचं इंजिन लावलान," त्या म्हणाल्या. "त्या इंजिनानं कान खाल्ला त्याचा. डावा."

शिवदासने जाळीवरचा हात काढून घेतला.

"त्या अंगाचं कायच आयकू येईना. मग हा डावा डबा उगाच ऱ्हायला. घरात रिकामी जागा कशाला, म्हनून मी देव बसवला. म्हातारा बोलला, बसव, मी उजव्यात भागवतो." त्या थांबल्या. मग हनुवटीने त्याच्याकडे खूण करून त्यांनी विचारलं, "तुजा पन डावाच ना?"

शिवदासने नेहमीप्रमाणे काहीतरी शोधल्यासारखं केलं. पण खोली रिकामी होती, शोधायला काहीच नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

आठ महिन्यांत पहिल्यांदा तो हे बोलला, आणि तेही एका अनोळखी बाईसमोर, एका पायात बूट असताना.

"रोशनीचा आजा असाच मान वाकडी करून बसायचा," अंजनाबाई म्हणाल्या. "कोंबड्यासारका."

त्यानंतर देवाला विचारायचं ठरलं. शिवदासने पद्धत सांगितली. देवाच्या टाकाला दोन्ही बाजूंनी तुळशीचं एकेक ओलं पान चिकटवायचं, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवं पान आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. एवढं सांगून तो थांबला. त्याच्या गावात याहून जास्त कोणी सांगत नाही, कारण तिथे सगळ्यांना माहीत असतं. इथे कोणाला माहीत नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"गाऱ्हाणं मालवणीत घालतात," तो म्हणाला.

"देवाला मालवणी येते का?" रोशनीने विचारलं.

"बाजूच्या डब्यातली इंग्रजी गानी आयकतोय वीस वर्सं," अंजनाबाई म्हणाल्या. "मालवनी का नाय येनार?"

प्रत्येक वाक्यानंतर "व्हय म्हाराजा" म्हणायची जबाबदारी रोशनीवर टाकण्यात आली. शिवदासने दुसरा बूटही काढला, टॉवेल खांद्यावर घेतला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा," त्याने सुरुवात केली. "आज ह्या घरात लादी घालूची आसा, म्हणान तुका बसल्या जाग्यावरसून उठवचा लागता."

"व्हय म्हाराजा," रोशनी म्हणाली, रक्त काढताना "मूठ घट्ट" म्हणते त्या आवाजात.

"हे दोन डबे हो तुजो लेकरू घेवन जातलो म्हणता."

"व्हय म्हाराजा."

इथे शिवदासची मालवणी संपली. तो जन्मापासून घाटकोपरचा. गाऱ्हाणी त्याने मे महिन्याच्या सुट्टीत ऐकली होती, घातली कधीच नव्हती. पण थांबणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो बावीस वर्षांची जी भाषा अंगात होती तिच्यावर आला. "तरी सदर जोडी हलवण्यास आपली हरकत आहे किंवा कसे, याबाबत उजवा अगर डावा जो असेल तो निर्णय लवकरात लवकर कळवण्यात यावा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," रोशनी म्हणाली. "काका, ऑफिस कुठे तुमचं?"

मग सगळे वाट बघत बसले. पंधरा मिनिटं गेली. पानं हलली नाहीत. देवाच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. अंजनाबाईंनी काळा चहा दिला. रोशनीने पंखा लावू का विचारलं, तेव्हा दोघांनी तिच्याकडे असं बघितलं की ती परत बसली. अर्धा तास झाला. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं पहिली दहा मिनिटं ओरडतात आणि मग एकमेकांना गाव विचारतात, हे शिवदासला अनुभवाने माहीत होतं. रोशनीने त्याला गाव विचारलं.

शेवटी अंजनाबाईच म्हणाल्या की तोवर उजवा वाजवून बघ. उजव्यावर देव नाही, तांदूळ आहेत. तांदळाची काही हरकत नसते.

तांदळाचा डबा खाली उतरवला. शिवदासने ॲम्प्लिफायर काढला, तारा जोडल्या, फोन लावला. एकतीस जोड्या त्याने एकाच गोष्टीने तपासल्या होत्या, स्वतःच्या मंडळाच्या भजनाने. रेकॉर्डिंग दरवर्षीच्या गणपतीत नवं व्हायचं, पखवाजवाला प्रीतम ते मोबाइलवर करायचा. कसोटी सोपी होती. स्पीकर चांगला असेल तर बुवा, पेटी, पखवाज आणि आठ जणांच्या कोरसमधून शिवदासला स्वतःची झांज वेगळी ऐकू यायला हवी. एकतिसांपैकी एकीतही ती आली नव्हती. या वर्षीचं रेकॉर्डिंग तर त्याने अजून लावलंच नव्हतं.

तो उजव्या डब्याच्या जवळ सरकला, पालथी मांडी घालून बसला, आणि त्याने मान वाकडी केली.

आधी खोली भरली. मोठा आवाज नव्हता तो. कोणीतरी दार न वाजवता आत येऊन बसावं तसं झालं. बुवांचा घसा, घशातली खरखर, आलापाआधी घेतलेला श्वास. पेटीची एक पट्टी सैल होती, ती टकटक करत होती. प्रीतमच्या पखवाजाला लावलेली कणीक सुकत आलेली कळत होती. थाप पडली की लादी पायाखालून बारीक थरथरायची.

आणि मग झांज ऐकू आली. स्वतःची. लख्ख.

शिवदास हसला. थोड्या वेळाने त्याचं हसू तसंच राहिलं, पण डोळे त्यात राहिले नाहीत.

झांज उशिरा पडत होती. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. प्रत्येक समेला ती किंचित मागून येत होती, बस निघाल्यावर धावत येणाऱ्या माणसासारखी. आणि बस थांबत होती. हे त्याला तिसऱ्या आवर्तनात कळलं. प्रीतम, जो वीस वर्षांत लग्नातल्या नवऱ्या मुलासाठीही थांबला नव्हता, तो थापेआधी केसभर थांबत होता. बुवा शेवटचं अक्षर ओढून धरत होते. कोरसमधले सगळे, एकही न चुकता, त्याच्यासाठी हळू चालले होते. त्या दिवशी भजन दहा मिनिटं जास्त लांबलं होतं आणि बुवा म्हणाले होते, घसा बसलाय रे, लयीत गाता येईना. शिवदासने त्यांना ज्येष्ठमध दिला होता.

त्याने आवाज कमी केला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. अंजनाबाईही ऐकत होत्या, डोळे मिटून, नवऱ्याच्या जागेकडे तोंड करून.

शेवटच्या तिहाईला लादी थरथरली, डावा डबा थरथरला, आणि टाकावरचं एक पान सुटून खाली आलं.

"पडलं," रोशनी म्हणाली.

तिघांनी बघितलं. त्यांच्या बाजूने बघता पान डावीकडचं पडलं होतं.

"ते बेसमुळे पडलं," रोशनी म्हणाली. "धरायचं नाय."

"देव कशातून बोलंल ते तुला इचारून ठरवनार काय तो?" अंजनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता. सकाळपासून त्या ताठ बसल्या होत्या हे आता, त्या भिंतीला टेकल्यावर, कळलं. "डावा दिलान. नाय म्हनतो. त्याला त्या डब्यावरून उठायचं नाय."

शिवदास पानाकडे बघत राहिला.

कौलात उजवा म्हणजे देवाचा उजवा. आपला नव्हे. देव समोरून आपल्याकडे बघतो, त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. हे त्याला सातव्या वर्षापासून माहीत होतं. देवाने होय म्हटलं होतं, दोन्ही डब्यांना, स्वच्छ, मागेपुढे न करता. चार-पाचांतली एक जोडी. तोंड उघडायचा अवकाश होता.

त्याने तोंड उघडलं. अंजनाबाई डाव्या डब्याकडे बघत होत्या, कोणीतरी जाता जाता थांबलं म्हणावं तशा.

"हो," शिवदास म्हणाला. "नाही म्हणतोय."

"पन तो त्याच्या डब्याबद्दल बोलला," अंजनाबाईंनी लगेच पुढे केलं, चाळीस वर्षं पाटीवर बसून सौदे केलेल्या बाईच्या चपळाईने. "उजव्याचं कायच बोलला नाय. तो ने तू. आमच्या म्हाताऱ्याचं भागलं, तुजं भागंल."

किमतीचं बोलणं चहाच्या दोन घोटांत झालं. रोशनी म्हणाली, एका स्टुलाचे घेते, पण जोडी फुटली म्हणून कमी करत नाही. देवाचा डबा मंगळवारी लादीवाले उचलतील का, असं तिने विचारल्यावर आजी म्हणाली, तो तिथेच राहील आणि लादी त्याच्या बाजूने जाईल. रोशनीने डोळे मिटले. तिला ते लादीवाल्यांना सांगावं लागणार होतं.

स्पीकर रिक्षात उभा बसला. शिवदास उरलेल्या जागेत बसला, टॉवेल स्पीकरच्या डोक्यावर घालून, कारण रस्ता धुळीचा होता आणि पडदा कागदी. चेंबूर नाक्याला रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, पेशंट आहे का? शिवदासला नीट ऐकू आलं नाही. तो हो म्हणाला. त्यानंतर रिक्षावाल्याने खड्डे चुकवत गाडी चालवली.

शिवदासच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. डावी दिवाळीपासून बंद आहे. ती त्याच्याच कंपनीकडे असल्यामुळे सोसायटीचा सेक्रेटरी दर आठवड्याला फोन करतो, शिवदास तक्रार लिहून घेतो, आणि संध्याकाळी त्याच बंद लिफ्टसमोर उभा राहून पाच मजले वर जायला उजवीची वाट बघतो. त्या दिवशीही बघितली. स्पीकरला आधी आत घातलं.

जान्हवीने दार उघडलं. तिने एक स्पीकर बघितला, त्याच्यामागे जिन्यापर्यंत बघितलं, आणि मग नवऱ्याकडे.

"दुसरा?"

"त्याच्यावर देव बसलाय."

"बरं," जान्हवी म्हणाली.

मेट्रोच्या दगदगीपासून गावच्या पाहुण्यांपर्यंत ती सगळ्यांना असंच "बरं" म्हणायची, त्यामुळे पुढचं सांगायला शिवदासने श्वास घेतला. आजच का, ते. रिक्षात त्याने तीन-चार वाक्यं तयार केली होती. पण तिने तोवर बाही वर करून डब्याची एक कड धरली होती. दोघांनी मिळून तो आत घेतला. खिडकीजवळ त्याची खुर्ची होती. खुर्चीच्या डावीकडे भिंतीपर्यंत मोकळी जागा, उजवीकडे शिलाई मशीन.

"डावीकडे ठेवू," शिवदास म्हणाला. "तिथे जागा आहे."

"तिथे ठेवून तुला काय उपयोग?"

तिने हे अगदी साध्या आवाजात म्हटलं आणि शिलाई मशीन ओढायला वाकली. मशीन सहज सरकलं. त्याचं झाकण आधीच काढून ठेवलेलं होतं, खालची फरशी पुसलेली होती. सकाळीच.

शिवदास उभा राहिला. त्याला आठवलं की टीव्ही बघताना जान्हवी बावीस वर्षं त्याच्या डावीकडे बसायची. हल्ली उजवीकडे बसते. कधीपासून, ते त्याला आठवेना. गणपतीच्या आधीपासून असावं. तेव्हा तिने सांगितलं होतं की डावीकडे पंख्याचा वारा लागतो. पंखा मधोमध होता.

"घडी केलेला कागद ॲम्प्लिफायरच्या झाकणाखाली ठेवू नकोस," जान्हवी मशीनमागून म्हणाली. "गरम होतो तो. चहा टाकू?"

"टाक," शिवदास म्हणाला.

सोमवारी साडेनऊला सेक्रेटरीचा फोन आला. डावी लिफ्ट अजून बंद आहे. शिवदासने उजव्या कानाने ऐकून घेतलं आणि उजव्या हाताने लिहून घेतलं. मग त्याने आणखी एक कोरा फॉर्म ओढला, तारीख घातली, इमारतीच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, आणि सुवाच्य अक्षरात भरून तो 'वरिष्ठांकडे पाठवायच्या' ट्रेमध्ये ठेवला. त्या ट्रेमधून गेल्या बावीस वर्षांत कोणी काही उचललेलं नाही.

"तक्रारीचे स्वरूप: डावी बाजू कायमची बंद. उजवी चालू.

महोदय, डावी बाजू दुरुस्त होण्यासारखी नाही हे अर्जदारास मान्य असून तिच्याबद्दल तक्रार नाही. तथापि घरातील व मंडळातील सर्व संबंधित व्यक्ती सध्या अर्जदाराच्या गतीने चालत असल्याने, उजवी बाजू पूर्वसूचनेशिवाय बंद करण्यात येऊ नये. बंद करणे अपरिहार्यच असल्यास, चालू भजन पूर्ण होईपर्यंत मुदतवाढ देण्यात यावी, व तसे लेखी कळवण्यात यावे, ही विनंती."